आज गुरुवार, लाइट जाणार

सकाळी ६.३०

गुरुवारी गजर लावावा लागत नाही, फोनच उठवतो. पुणे परिसरात विजेच्या देखभाल-दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात. पाणीही पुष्कळदा त्याच दिवशी बंद. इन्व्हर्टर-बॅटरीच्या धंद्यातल्या माणसाचा हा बाजारचा वार. त्यात मे महिना. दुपारी उकाडा आणि संध्याकाळी वळीव, म्हणजे सांगून जाणारी लाइट एकदा आणि न सांगता जाणारी वर आणखी.

"दादा, मेसेज आलाय. दहा ते दोन लाइट नाही. आपला इन्व्हर्टर काढेल ना चार तास?"

हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं, आणि मी रोज उलट विचारतो, "चार तास काय काय चालवणार?" पलीकडे जरा थांबतात. मग, "नेहमीचंच हो, पंखे-दिवे." नेहमीचंच म्हणजे पंखे किती, टीव्ही लागतो का, मुलगी घरून काम करते का, पाण्याच्या फिल्टरची पिन कुठल्या बोर्डात आहे? इन्व्हर्टरवर काय काय जोडलंय हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसतं. वायरिंग करणारा सांगून गेला नाही आणि यांनी विचारलं नाही. म्हणून मी एकच काम सांगतो: दहाला लाइट गेली की घरभर फिरा आणि जे जे चालू राहिलंय ते कागदावर उतरवा. "बॅकअप कमी झाला" या तक्रारीतल्या कितीतरी त्या कागदावरच मिटतात. मध्ये कोणीतरी टेबलफॅन घेतलेला असतो, कोणी देवघरात समईच्या जागी लाइटची माळ लावलेली असते, आणि एका घरी तर इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये इस्त्री सापडली होती.

७.४५

पहिली व्हिजिट धायरीत. दुसरा मजला, निवृत्त जोडपं. पूर्वी चार तास चालायचा तो इन्व्हर्टर आता पाऊण तासात बीप-बीप करतो, ही तक्रार.

बॅटरी ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या कडेला. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. ही जागा बघितली की माझं निम्मं निदान होतं. लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता सोसत नाही. आमच्याकडे ढोबळ हिशोब असा, की २५-२७ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. तरी ही जागा बंद कपाटापेक्षा बरी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, त्याला वाट लागते. लोक सुबक फर्निचर करून घेतात, खाली बॅटरी कोंबतात, दार लावतात आणि वर फुलदाणी ठेवतात.

आधी मेनचा स्विच बंद, मग इन्व्हर्टर, मग निगेटिव्हची केबल सोडायची. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढला होता. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासला की तो फसफसतो आणि निघतो. पाणी झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही, एवढं सांभाळायचं. पुसून कोरडं केलं. नट आवळून वरून व्हॅसलिन लावायचं, गाडीचं ग्रीस नाही.

मीटर लावला. १२.३ व्होल्ट. वरवर पाहता ठीक, आणि पुष्कळ जण इथेच फसतात. सहाही झाकणं उघडून हायड्रोमीटर बुडवला. ही काचेची नळी, आत तरंगणारा काटा. ॲसिड ओढून घेतलं की काटा किती वर तरंगतो त्यावरून ॲसिडची घनता कळते. ही ट्युब्युलर प्रकारची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२४०च्या आसपास दाखवते. इथे १२३०, १२३५, १२३०, १२२५, आणि पाचव्या घरात एकदम ११२०. सहावं पुन्हा १२३०. पाचवा सेल गेलेला. पाच जणांनी कितीही जोर लावला तरी विद्युतप्रवाह त्या एकातूनच पुढे जाणार. तीन पंखे, दिवे आणि टीव्ही लावून मेन पाडला, तर बघता बघता व्होल्टेज ११च्या खाली.

"पण पाणी तर मी वेळच्या वेळी घालतो," काका म्हणाले.

"कुठलं घालता?"

"आरओचं. शुद्ध असतं की."

पिण्यापुरतं शुद्ध. आरओच्या पाण्यात क्षार उरतात आणि ते प्लेटांवर जाऊन बसतात. काकूंनी लगेच एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचं विचारलं. ते खरं म्हणजे वाफेचंच पाणी, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन येतं, म्हणून तेही नको. बॅटरीचं पाणी म्हणून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, तोच आणायचा. आणि लेव्हल कमी दिसली म्हणून ॲसिड तर कधीच ओतायचं नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

बॅटरी बदलायची, हे ठरलं. काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "आता १५०च्या जागी २००ची टाकू का? म्हणजे कटकट नको."

दुकानदार म्हणून मी 'टाका' म्हणायला हवं. मी डीसी क्लॅम्प मीटर बॅटरीच्या जाड केबलला अडकवला. घरातलं सगळं चालू असताना आकडा आला ३५ अँपिअर. १५०ला ३५ने भागलं की सव्वाचार तास येतात, पण तसं होत नाही. बॅटरीवर लिहिलेले १५० एएच, म्हणजे अँपिअर-तास, हे वीस तासांच्या हिशोबाने असतात, म्हणजे साडेसात अँपिअरने हळूहळू ओढलं तर. ३५ने ओढलं की तीच बॅटरी कमी देते; साडेतीन तास धरायचे. यांच्या पंख्यांवर मी बोट ठेवलं. जुने ७५ वॅटचे तीन पंखे, म्हणजे २२५ वॅट तिथेच गेले. बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास खातो. तिन्ही बदलले तर ३५ अँपिअरचे २१ होतात आणि त्याच १५०च्या बॅटरीवर साडेतीनचे सहा तास. वर रोजच्या बिलातही फरक.

काकूंना हे पटलं. काकांना २००ची बॅटरीच हवी होती, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण घरातलं बजेट कोणाकडे असतं ते मला बॅटऱ्या विकताना केव्हाच कळलंय.

जुनी बॅटरी मी घेऊन जातो आणि बिलातून तिचे पैसे वजा करतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ती साखळी आमच्यापासून सुरू होते. भंगारवाला चार पैसे जास्त देतो कधी कधी. तो ॲसिड गटारात ओततो, म्हणून परवडतं त्याला.

९.३०

दुकान उघडलं तेव्हा मदतनीस पोरगा पायरीवर आणि त्याच्या शेजारी एक तरुण जोडपं. दोघं आयटीत, घरून काम, भाड्याचा फ्लॅट. मोबाइलवर एक इन्व्हर्टर उघडलेला, शेजारी बॅटरी, शेजारी ट्रॉली, सगळं मिळून पंचवीस हजारांवर गेलेलं. "हाच घेऊ ना? रेटिंग चांगलंय."

यादी केली. दोन लॅपटॉप, एक राउटर. पंखा? "तो चालेल नसला तरी, गॅलरीत बसतो." दिवा? दिवसा लागत नाही.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. उरला राउटर. त्याच्या ॲडॅप्टरवर बारीक अक्षरात १२ व्होल्ट, १ किंवा २ अँपिअर असं लिहिलेलं असतं. तेवढ्यासाठी हातात मावेल असा छोटा डीसी यूपीएस मिळतो. पंख्यालाही लागतात त्याहून कमी पैशांत काम होतं. व्होल्टेज मात्र जुळवून घ्यायचं, कारण ९ व्होल्टचा राउटर १२वर लावला की धूर. आणि एक गोष्ट ऑर्डर देण्याआधी पाहून यायला सांगितली: इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर इंटरनेटवाल्याचा जो डबा आहे, त्याला लाइट लागते का? काही ठिकाणी तिथे विजेवर चालणारा स्विच असतो. तो बंद पडला तर तुमचा राउटर छान हिरवे दिवे दाखवत बसेल आणि नेट नसेल. मग त्या डब्याला बॅकअप हवा, तुमच्या घराला नव्हे.

पोरगा नाराज. गिऱ्हाईक पंचवीस हजारांचं आणि बिल दीड हजाराचं. पण भाड्याच्या घरातून पन्नास-साठ किलोची बॅटरी घेऊन हे दोन वर्षांनी फिरणार, आणि तेव्हा शिव्या मला.

जाता जाता त्या मुलाने विचारलं, डेस्कटॉपला काय लावतात? डेस्कटॉपला छोटा ६०० व्हीएचा यूपीएस लावतात. त्याच्यात ७ एएचची एवढीशी बॅटरी असते, ती दहा-पंधरा मिनिटं देते. ती कामासाठी नसतेच. फाइल सेव्ह करा आणि बंद करा, एवढ्यासाठी. लेसर प्रिंटर मात्र तिच्यावर कधी लावू नये. कागदावर शाई भाजणारा हीटर एका झटक्यात इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

दहाला लाइट गेली. दुकानातला पंखा न अडखळता फिरत राहिला. अशा वेळी गिऱ्हाईक समोर असलं की बरं वाटतं, नाही म्हणत नाही.

११.००

वडगावात एक पॅथॉलॉजी लॅब. डॉक्टर मॅडमचं म्हणणं, घरगुती इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की ॲनालायझर रिस्टार्ट होतो, आणि चाचणी अर्धवट राहिली की नमुना वाया. कोणीतरी त्यांना मोठा इन्व्हर्टर घ्यायला सांगितलं होतं.

इथे मोठ्या-छोट्याचा प्रश्नच नव्हता. घरगुती इन्व्हर्टर लाइट असताना नुसता बाजूला उभा असतो आणि वीज सरळ पुढे जाते. लाइट गेली की आतला रिले पलटतो. मागच्या बाजूला यूपीएस मोडचा खटका असला आणि तो तिकडे केला तरी दहा-एक मिलिसेकंद जातात. दुसऱ्या बाजूला असला तर ३०-४०पर्यंत. पंख्याला हे कळतही नाही, संगणक बहुधा सोसतो, नाजूक यंत्र सोसत नाही. ऑनलाइन यूपीएसची रचनाच वेगळी. त्यात येणारी वीज आधी डीसी होते आणि मग नव्याने एसी होऊन बाहेर पडते, चोवीस तास. यंत्र सदैव त्या नव्या विजेवर चालतं, म्हणून पलटायचं काही उरतच नाही. किंमत जास्त, रात्रंदिवस थोडी वीज तो स्वतः खातो, गरम होतो, पंख्याचा आवाज करतो. घरात मी तो कोणाला सुचवत नाही. इथे दुसरं काही चालणार नव्हतं.

पण आधी मीटर. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजलं, ११ व्होल्ट. हे दोन-तीनच्या वर जाता कामा नये. मॅडमना विचारलं, आकडे कधी विचित्र येतात का? "येतात. किटचा दोष समजत होतो." खाली जाऊन पाहिलं तर अर्थिंगचा खड्डा भेगाळलेला. मे महिन्यात बहुतेक इमारतींचं हेच होतं; जमीन कोरडी पडली की अर्थिंग कागदावर राहतं. वॉचमनला दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, तात्पुरतं. पण खड्डा पुन्हा नीट भरून घेतल्याशिवाय मी यूपीएस बसवणार नाही, असं मॅडमना सांगितलं. उद्या यंत्राने चूक आकडे दिले की नाव नव्या यूपीएसचं येणार.

मग यादीची तीन रांगांत वाटणी केली. ज्याला क्षणभरही खंड चालत नाही: ॲनालायझर आणि त्याचा संगणक. ज्याला क्षणाचा खंड चालतो, पण तास चालत नाही: अभिकर्मकांचा फ्रिज, दिवे, एक पंखा, हे जुन्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवरच राहू द्या. आणि जे थांबू शकतं: सेंट्रिफ्यूज, एसी, पाण्याचा फिल्टर. पहिल्या रांगेत ८०० वॅटसुद्धा भरले नाहीत. २ केव्हीएचा ऑनलाइन, सहा बॅटऱ्यांची माळ, आणि वेळ तासभराचा. मॅडमना चार तास हवे होते. मी विचारलं, यंत्रात घातलेली फेरी पूर्ण व्हायला किती वेळ? चाळीस मिनिटं. मग तास पुरे. उरलेले नमुने फ्रिजमध्ये थांबतात. चार तासांची माळ घेतली असती तर बॅटऱ्यांचा खर्च कितीतरी पट, आणि तीन-चार वर्षांनी बदलताना पुन्हा तेवढाच. माळेतली एक गेली की सहाही बदलाव्या, हेही आधीच सांगून ठेवलं. जुन्यात एक नवी घातली तर जुन्या मिळून तिलाही खाली ओढतात.

दुपारी १.१५

डबा. मेथीची भाजी, भाकरी, दोन फोन.

हा धंदा उभा राहिला तो भारनियमनाने. २००५नंतरची ती वर्षं आठवा: वितरण आणि वसुलीतली तूट बघून फीडरची अ, ब, क, ड अशी वर्गवारी, ज्या गटात तूट जास्त तिथे अंधार जास्त, आणि वेळापत्रक पेपरात छापून येई. पुण्याने २००६मध्ये उद्योगांचे स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरची वीज मोकळी करायचा मार्ग काढला, म्हणून शहर जरा सुटलं. ग्रामीण भागात मात्र बारा-बारा तास. त्या काळातली गिऱ्हाइकं अजून 'मोठ्यातली मोठी बॅटरी' मागतात. तेव्हाही ते बरोबर नव्हतंच. चार तास लाइट, चार तास नाही, अशा तालात मोठी बॅटरी कधी भरतच नसे. १५० एएच पूर्ण रिकामी झाली की भरायला दहा-बारा तास लागतात. अर्धवट भरलेली बॅटरी रोज वापरली की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि वर्ष-दीड वर्षात खलास. लाइट किती वेळ जाते याच्याइतकंच ती परत आल्यावर किती वेळ राहते हे महत्त्वाचं, आणि ते मला कोणी आपणहून सांगत नाही.

२.३०

हे काम मी पोराकडे देत नाही. आनंदनगरमध्ये एक आजोबा, फुप्फुसाचा आजार, पाच लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. सूनबाईंनी सकाळीच फोन केला होता.

यंत्रावर ३५० वॅट लिहिलेलं. आत कॉम्प्रेसर, म्हणजे सुरू होताना झटका. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर इथे नकोच. त्याच्यावर मोटर घरघरते आणि तापते. शुद्ध साइन वेव्ह, दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा. १५०च्या दोन म्हणजे ३६०० वॅट-तास, त्यातले सत्तर टक्के हाताला लागतात असं धरलं तर सात तास. या इन्व्हर्टरवर दुसरं काही जोडायचं नाही, दिवासुद्धा नाही. त्याला वेगळा सॉकेट, त्यावर लाल पट्टी.

"मग आता सिलिंडर परत करू ना? भाडं चालू आहे," सूनबाईंनी विचारलं.

"नाही ताई. सिलिंडर राहू द्या."

इन्व्हर्टर हे यंत्र आहे. फ्यूज जाईल, रिले चिकटेल, नाहीतर कोणीतरी लादी पुसताना खटका पाडेल. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये दीड हजार लिटरच्या आसपास ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने बारा तास. त्याला वीज लागत नाही. मी त्यांना दोन्ही बदलून दाखवायला लावलं: यंत्रावरून नळी काढ, सिलिंडरला लाव, किल्ली फिरव. दोन वेळा. आजोबा मधल्या वेळात माझ्याकडे बघून म्हणाले, "परीक्षा घेता का हिची?" मी म्हटलं, "हो, आणि तोंडी नाही, प्रात्यक्षिक."

सिलिंडर ठेवा म्हणणारा बॅटरीवाला विचित्र दिसत असेल. दिसू दे.

४.३०

वळीव आला. आधी धूळ, मग पत्रे वाजले, मग लाइट. फोन सुरू.

त्यातला एक बंगल्यातून. गच्चीवर गेल्या वर्षीच ३ किलोवॅटचं सोलर बसवलेलं. २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदानही मिळालं, बिल जवळजवळ शून्यावर. "आणि तरी माझी लाइट कशी जाते हो? दहा ते दोनसुद्धा गेली होती. डोक्यावर ऊन, छपरावर पॅनल, आणि घरात अंधार!"

फसवलं कोणी नाही त्यांना, समजावलं कोणी नाही. ऑनग्रिड सोलरचा इन्व्हर्टर ग्रिडच्या विजेची लय पकडून चालतो आणि ग्रिड गेलं की स्वतः बंद होतो, मुद्दाम. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनने लाइन बंद आहे असं समजून हात लावायचा, आणि तुमच्या छपरावरची वीज उलटी त्या तारेत जायची. बॅकअप हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, किंवा साधा घरगुती इन्व्हर्टर वेगळा. सोलरने बिल कमी होतं आणि बॅटरीने अंधार जातो. ही दोन कामं आहेत. हे वाक्य मी आता इतक्यांदा म्हणतो, की पोरगाही माझ्यामागून पुटपुटतो.

५.४५

नऱ्ह्यात नवीन फिटिंग, तिसरा मजला, आणि लिफ्ट लाइट नसल्याने बंद. बॅटरीला दोन बाजूंनी दोरीच्या मुठी असतात. ती आडवी करायची नाही, टेकवत टेकवत न्यायची. प्रत्येक जिन्याच्या वळणावर पोरगा 'थांबा' म्हणतो.

वर गेल्यावर वायरिंगची परीक्षा. जुन्या वायरमनने कुठल्यातरी बोर्डात इन्व्हर्टरचा फेज आणि मेनचा फेज एकत्र गुंडाळला होता. याला आम्ही रिटर्न म्हणतो. लाइट आली की दोन विजा एकमेकींना भिडतात आणि नवाकोरा इन्व्हर्टर जळतो. लाइट नसताना घरातली वीज बाहेर जाऊ शकते, आणि तिथे पुन्हा तोच खांबावरचा माणूस. बोर्ड उघडून उघडून शोधायला तास लागला. बेडरूममधल्या बेल पुशच्या मागे सापडला. या तासाचे पैसे कोणी देत नाही. 'नुसतं फिटिंगच तर होतं' म्हणतात.

रात्री ८.००

दुकानात हल्ली रोज एक लिथियमवाला येतो. म्हणजे लिथियमचा व्हिडिओ बघून आलेला. त्याचं म्हणणं सगळंच खोटं नसतं. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलांची १२.८ व्होल्टची बॅटरी हलकी, पाणी घालायला नको, भरते लवकर, आणि ऐंशी-नव्वद टक्के वापरली तरी कुरकुरत नाही. ट्युब्युलरचं आयुष्य राखायचं तर निम्म्यावर थांबलेलं बरं. जास्त लोडवर १०० एएचची लिथियम १५०च्या ट्युब्युलरच्या जवळ जाते. पण किंमत दुप्पट-अडीचपट, आणि तुमच्या जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर ट्युब्युलरसाठी लावलेला असतो. त्यात लिथियमची सोय नसेल तर जोडू नये. दिवसाआड चार तास लाइट जाणाऱ्या गावात, किंवा बॅटरी बेडरूममध्येच ठेवावी लागते अशा घरात मी लिथियम सांगतो. आठवड्यातून एकदा लाइट जाणाऱ्या फ्लॅटला ट्युब्युलर बरी. २२ सप्टेंबर २०२५पासून साध्या बॅटरीवरचा जीएसटी २८चा १८ झाला, त्यामुळे लिथियमवर कर अठराच, ही जुनी बढाईही संपली.

वॉरंटीचं मात्र नीट वाचा, हे सांगतोच. ३६+२४ म्हणजे पाच वर्षं फुकट बदलून नाही. पहिले ३६ महिने बदलून, पुढचे २४ महिने फक्त नव्या बॅटरीवर सूट. कार्डावर तारीख आणि शिक्का नसेल तर तेही नाही.

९.१५

शटर अर्धं ओढलं होतं. एक गृहस्थ वाकून आत आले, मागून बाई. नवा बंगला, नांदेड फाट्याजवळ.

"आम्हाला अख्खं घर चाललं पाहिजे. बजेटचा प्रश्न नाही."

कागद काढला. दीड टनाचे दोन एसी, गीझर, पाण्याची एक अश्वशक्तीची मोटर, फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, सात पंखे, दिवे, टीव्ही, वाय-फाय, सीसीटीव्ही. प्रत्येकाच्या पुढे वॅट लिहीत गेलो. एसी प्रत्येकी दीड हजार, गीझर दोन हजार, मोटर हजाराच्या वर आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. बेरीज साडेसात हजारांच्या पुढे गेली. साहेबांनी बॅटऱ्या किती लागतील विचारलं. मी सांगितलं. ते खुर्चीत बसले.

"लाइट जाते कधी तुमच्याकडे?"

"गुरुवारी. आणि पावसात अर्धा-पाऊण तास."

"गुरुवारी दुपारी गीझर लागतो?"

बाई हसल्या आणि माझ्या हातातून पेन घेऊन गीझर खोडला. मग वॉशिंग मशीन. मोटर: टाकी आदल्या दिवशी भरून ठेवायची, खोडली. फ्रिज चार तास दार उघडलं नाही तर तग धरतो, पण त्यावर त्या अडल्या, आत सासूबाईंचं इन्सुलिन असतं. फ्रिज राहिला, म्हणजे साइन वेव्ह आणि झटक्याला पुरेल असा इन्व्हर्टर आला. एसीवर साहेब बराच वेळ थांबले.

"एक तरी?"

"एकासाठी चार बॅटऱ्या."

त्यांनी स्वतःच खोडला. मिक्सरवर दोघांचं एकमत होईना. मी म्हटलं, तो उद्या ठरवू. सकाळी साडेआठला मीटर घेऊन येतो, तोवर घरातले सगळे पंखे आणि फ्रिज चालू ठेवा, आणि मीटरबोर्डासमोर ठेवलेलं जे काही असेल ते बाजूला काढा.

"चपलांचा स्टँड आहे तिथे," बाई म्हणाल्या.